मुकी लेझीम

"या वरणात डाळीचा दाणा सापडला तर मले दाखवजो व. मी वहीत चिकटवून ठेवीन," यशो ओठ न हलवता पुटपुटली.

ती माझ्यापुढे होती. तिच्या ओढणीचं टोक माझ्या डाव्या मुठीत, माझ्या ओढणीचं टोक मागच्या उज्ज्वलाच्या मुठीत, आणि उजव्या हातात ताट. अशा आम्ही सहा जणी मेसच्या दारातून आत सरकत होतो. सगळ्यांत बुटकी पुढे, सगळ्यांत उंच मागे.

"हसू नको," ती पुन्हा म्हणाली. "तू हसली का ओढणी हलते, अन् मले पिनेसकट ओढल्यासारखं होते."

मी हसले नाही. हसले असते तर सहाही जणींना भरलं ताट ठेवून उठावं लागलं असतं. साखळीचा नियमच तो होता. चूक एकीची, शिक्षा सगळ्यांना.

आमच्या वसतिगृहाचं मुलींचं लेझीम पथक होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते सगळ्यांत पुढे चालायचं. पांढऱ्या साड्या, निळे काठ, चाळीस मुली आणि आवाज एकच. पथकात जायचं तर आधी साखळीत यावं लागे. दर फेब्रुवारीत पहिल्या वर्षाच्या ज्या मुली तयार होतील, त्यांची एक साखळी व्हायची. आमची एकोणिसावी. साखळीत असेपर्यंत मुलीला नाव नसे, कडी नंबर असे. यशोधरा रामटेके कडी तीन, मी कडी चार. तेरा एप्रिलच्या संध्याकाळी पथकातल्या ताया आपल्या हातानं साडी नेसवणार आणि मग तू जन्मभर त्यांची बहीण.

हे जन्मभर खोटं नव्हतं. जुन्या साखळ्यांतल्या बाया बँकेत होत्या, शाळांत होत्या, पंचायत समितीत होत्या. एखादी मुलगी मुलाखतीला जाई आणि टेबलापलीकडची बाई हळूच विचारी, "कितवी?" तेवढ्यानं पोरीच्या पायातलं कापरं जाई. आमच्या कुणाच्याच घरातून कुठे ओळख नव्हती. ही ओळख आमच्याच मुलींनी आमच्यासाठी उभी केली होती. त्यामुळे साखळी वाईट होती, असं मला आजही एका दमात म्हणता येत नाही. दोन दम लागतात.

पथकाची प्रमुख विशाखाताई मेश्राम, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सडसडीत, सावळी, केसांची एकच घट्ट वेणी. ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. घरचं मले-तुले तिनं तीन वर्षांपूर्वी फाटकाबाहेर ठेवलं होतं आणि ते परत घ्यायला ती कधी गेली नव्हती. दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, वीस मार्च होती. तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. विशाखाताईनं मेसमध्ये भाषण केलं, ते असं की आमच्या वॉर्डन डोंगरेबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेसच्या भिंतीवर कुठल्याशा जुन्या साखळीनं काढलेलं चित्र होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर वाकून ओंजळीनं पाणी पिणारी माणसं. माणसांचे चेहरे उडून गेले होते, पाण्याचा निळा रंग तेवढा टिकला होता. आम्ही रोज त्या चित्राखाली बसून ते वरण प्यायचो.

तर तो रविवार होता. रविवारी डोंगरेबाई दहा वाजता बहिणीकडे जायच्या आणि पाचला यायच्या. मधला सगळा दिवस साखळीचा.

जेवण झाल्यावर ताटं घासताना मी यशोला म्हटलं, "तू आज गच्चीवर येऊ नको."

"अन् सांगू काय? पाळी आली म्हणून? ते मागच्या रविवारी सांगितलं."

"खरं सांग."

तिनं राख घातलेला चोथा माझ्याकडे केला. "ताट घास. खरं सांगून राहिली मोठी."

सकाळी ती भिंत धरून उठली होती. गुडघे धरून खाटेच्या कडेला बसली होती, आणि मी बघतेय असं दिसल्यावर वेणी घालायला लागली होती. मला माहीत होतं. वसतिगृहात एकट्या मला माहीत होतं. महिनाभरापूर्वी तिच्या पावडरच्या डब्यात मला बारीक पिवळ्या गोळ्या सापडल्या. मी पावडर चोरायला गेले होते, त्यामुळे ओरडायचा हक्क तिचा होता, पण ती ओरडली नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "सिकल आहे मले. रक्ताचा आजार. आईले माहीत आहे अन् आता तुले."

सिकल म्हणजे काय, ते मी पुढे वाचलं. कॉलेज माझं त्याच वर्षी सुटलं. आता तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, आणि लोक जी पुस्तकं झेरॉक्सला आणतात ती मी आधी वाचते, मग देते. त्यातच एकदा नर्सिंगचं पुस्तक आलं होतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, जिथे अडकतात तिथे हाड फुटल्यासारखं दुखतं. दमणूक झाली, ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं की ते वाढतं. तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. आमच्या भागात सिकलचं नाव ऐकलेलं होतं, तेही लग्न मोडल्याच्या गोष्टीत.

"माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न रक्ताच्या कागदावरून मोडलं," यशो म्हणाली होती. "अन् मी हॉस्टेलच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आहे. खाली सही आहे माझी. कोणाले सांगितलं तर मी गावाले परत, म्हशीमागे. आईची शपथ घे."

मी घेतली. पावडरीचा डबा हातात असताना माणूस कसलीही शपथ घेतो.

गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी होती. तिच्या सावलीत चटई टाकून ताया बसायच्या. मध्ये विशाखाताई, शेजारी नंदाताई, आणखी दोघी. बाजूला माठ, माठावर उपडा पेला. आम्ही सहा जणी उन्हात, पायाखाली भिजवलेली पोती. तेवढी दया होती.

"मुकी लेझीम," विशाखाताई म्हणाली. "दोनशे."

लेझमीची लाकडी दांडी एका हातात, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. ती डोक्यावर धरायची, ताणून, हात सरळ. साखळीतल्या चकत्या जराही वाजता कामा नयेत. सहांपैकी एकीची वाजली तरी मोजणी पुन्हा एकपासून. करून पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही. पन्नासपर्यंत आपण लेझीम धरलेली असते, शंभरनंतर लेझीम आपल्याला धरते. आणि दोनशे पुरे झाल्याशिवाय पाणी नाही. झालं तरी आपल्या हातानं नाही, ताईनं दिलं तर.

"मिरवणूक पाच तास चालते," विशाखाताई दर रविवारी सांगायची. "दोन्ही बाजूंना लोक उभे असतात. त्यांतले निम्मे आपण चुकायची वाट बघत असतात. ओळ सोडून नळावर गेलेली मुलगी त्यांना बरोबर दिसते. आपल्याला ते दाखवायचं नाही."

यात चुकीचं काय होतं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिली मोजणी एकशे चाळीसला तुटली. यशोची चकती वाजली, अगदी बारीक, बांगडी बांगडीला लागावी तशी.

"कडी तीन. हात खाली. दहा श्वास. पुन्हा."

दहा श्वास हात खाली असायचे. मी मागून बघत होते. यशोच्या मानेवरून घाम ओघळत नव्हता. आम्हा सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या, तिची मान कोरडी होती.

दुसऱ्या मोजणीला साठच्या आसपास माझ्या डोक्यात एक हुशारी आली. हिला दहा श्वास हवेत ना, मग देऊ. मी मनगट जरासं हलवलं. छुन्न.

"कडी चार. हात खाली. दहा श्वास. पुन्हा."

यशोनं हात खाली घेतले. मान न वळवता म्हणाली, "मुद्दाम केलं ना व?"

"गप."

"कर अजून."

मी अजून केलं. ऐंशीला, सत्तरला, पुन्हा पन्नासला. मागून उज्ज्वलानं दात दाबून एक शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण चांगली होती. पुढची कडी दोन रडायला लागली. दर वेळी यशोला दहा श्वास मिळत होते आणि मला वाटत होतं, मी तिला सांभाळून घेतेय. ऊन टाकीवरून पलीकडे सरकलं. तायांनी चटई सरकवली. टाकीचा ओघळ पाइपावरून ठिबकत होता, तो आवाज एरवी कधी ऐकू आला नव्हता.

शेवटी मी म्हटलं, "ताई, पाणी."

साखळीत मागायचं नसतं. नंदाताईनं मोजणं थांबवलं. विशाखाताई उठली, माठातून पेला भरला आणि आमच्या ओळीच्या कडेनं चालत आली. रागावली नव्हती. ती कधीच रागवायची नाही.

"ज्या कडीला पाणी हवं असेल तिनं लेझीम खाली ठेवावी," ती म्हणाली. "पाणी प्यावं आणि खोलीत जावं. कुणी तिला काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही, या वाक्याला आम्ही सगळ्यांत जास्त भीत होतो. मागच्या वर्षी रजनी नावाच्या मुलीनं लेझीम ठेवली होती. खरंच कुणी तिला काही म्हटलं नाही. वर्षभर. मीठ दे, असंसुद्धा नाही.

पेला माझ्यापुढे थांबला. लेझीम खाली ठेवायला दोन हात लागतात आणि ते दोन्ही माझ्या डोक्यावर होते, इतकंच काय ते अंतर होतं. मी ठेवली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं. मला बोलता आलं असतं. मी पुढच्या यशोच्या वेणीकडे बघत राहिले. मग पेला तिच्यापुढे गेला.

"कडी तीन?"

यशोनं पाण्याकडे बघितलं. ती कशी बघत होती ते मला मागून दिसलं नाही. तिचा आवाज तेवढा ऐकला. जीभ टाळूला चिकटल्यासारखा.

"नको, ताई."

"शाबास," विशाखाताई म्हणाली. मनापासून म्हणाली. पेल्यातलं पाणी तिनं परत माठात ओतलं.

"पुन्हा. एक, दोन..."

तीसच्या पुढे यशोची लेझीम पडली. सगळ्या दुपारभरात मोकळा वाजलेला तो एकच आवाज. विशाखाताईनं सवयीनं "कडी तीन, पुन्हा ए..." एवढं म्हटलं, आणि मग तिला दिसलं की लेझीम पडली तशी यशोही पडली होती.

आम्ही तिला उचलून खाली आणलं. तोंडावर पाणी मारलं. पेला ओठांशी लावला तर सगळं गालावरून ओघळून गेलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता, आणि ती कण्हत होती, खूप लांबून कुणी कण्हावं तसं. चौकीदारानं ऑटो आणली. मागे यशोला मांडीवर घेऊन मी आणि नंदाताई, पुढे ड्रायव्हरशेजारी विशाखाताई.

रेल्वे फाटक बंद होतं. फाटकाशी थांबलेलो असताना विशाखाताई मागे न वळता म्हणाली, "नळावर भोवळ आली. समजलं?"

"हो, ताई," नंदाताई म्हणाली.

"कडी चार?"

"हो, ताई," मी म्हटलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढली, पोटाला हात लावला तर यशो ओरडली.

"काय झालं होतं?"

"नळावर भोवळ आली," विशाखाताई म्हणाली.

"आधीचा काही आजार?"

"नाही."

"नक्की? कुणाला माहीत आहे का?"

इकडे आईची शपथ, तिकडे साखळी. दोन्हीकडून तोंड शिवलेलं. आणि तेवढ्यात यशोनं पाय पोटाशी ओढले.

"सिकल आहे तिला," मी म्हटलं. "गोळ्या चालू आहेत."

पुढचं सगळं भराभर झालं. सलाईन, ऑक्सिजनची नळी, इंजेक्शनं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "बरं झालं सांगितलं, नाहीतर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो. अशा पेशंटला पाणी भरपूर लागतं. अंगातलं पाणी फार कमी झालं आहे. काही कष्टाचं काम केलं का हिनं उन्हात?"

"आता उन्हाळाच आहे ना, डॉक्टर," नंदाताई म्हणाली.

तो आत गेल्यावर विशाखाताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तिला वर येऊ दिलंस?"

मी खाली बघितलं. माझ्या तळहातांवर फोड फुटून कातडी लोंबत होती. तिथेच मला माझी हुशारी कळली. मी जितक्या वेळा लेझीम वाजवली होती, तितक्या वेळा ते दोनशे लांब गेले होते, आणि दोनशेच्या पलीकडे माठ होता.

संध्याकाळी बाकीच्या चौघीही आल्या. सगळ्या बाकावर बसलो. मग विशाखाताई म्हणाली, "म्हणजे आजारामुळे झालं."

"हो ना," नंदाताई म्हणाली. "आजारामुळेच."

ते वाक्य आमच्यामध्ये येऊन बसलं आणि सगळ्यांनी जरा जरा सरकून त्याला जागा करून दिली. ते मीच आणून दिलेलं होतं.

डोंगरेबाई आल्या. त्यांनाही तेच सांगितलं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस कागद आठवतं. "फॉर्मवर तर 'नाही' लिहिलं आहे पोरीनं," त्या म्हणाल्या. "आता मी हिला कशी ठेवू? उद्या काही झालं तर कोण घेईल जबाबदारी? आईला निरोप धाडला आहे. घेऊन जाऊ दे."

वॉर्डातली सिस्टर तिशीची असेल. सलाईनची बाटली बदलून बाहेर आली, आमच्या हातांकडे तिची नजर गेली, आणि तिनं हळूच विचारलं, "कितवी?"

"एकोणिसावी," उज्ज्वला म्हणाली.

"मी सहावी." तिनं खिशातून मलमाची ट्यूब काढून दिली. "सगळ्यांनी लावा. चौदा तारखेपर्यंत भरून येईल. अन् मुठी मिटून ठेवा. सकाळी तिची आई येईल."

इतकं मायेनं कुणी मला त्या दिवसात बोललं नव्हतं. मी मूठ मिटली.

सकाळी सात वाजता मला आत सोडलं. यशो जागी होती. नाकात नळी, ओठ फुटलेले, पण दुखणं उतरलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, धोका टळला.

"तू सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"बाईंनी आत्ता येऊन सांगितलं. खोली रिकामी कर म्हणे."

"यशो, तू मेली असती व."

"हो ना." ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईनं एकदा मिरवणूक पाहिली होती. मी कडेवर होती. घरी आली अन् बाबाले म्हणे, ही पोरगी त्या पांढऱ्या साड्यांत चालन. मंग शाळेत घातलं मले. आमच्या घरी त्याच्याआधी कोणी पोरगी शाळेत गेली नव्हती." तिनं नाकातली नळी नीट केली. "तू सांगितलं त्याचं काही नाही. पण अर्धंच सांगितलं ना तू."

मी बाहेर आले.

यशोची आई पहिल्या एस.टी.नं आली होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, पायात झिजलेली स्लिपर. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरची प्लास्टिकची कॅन. आधी आत जाऊन पोरीच्या केसांवरून हात फिरवून आली, मग आमच्याकडे. आम्ही उभ्या राहिलो. उभ्या राहिलो तेव्हा कुणी सांगितलं नसताना बुटकी पुढे आणि उंच मागे अशाच राहिलो. यशोची जागा तेवढी सोडली होती. सगळ्यांत शेवटी नंदाताई आणि विशाखाताई.

"तुमीच आणलं का व हिले?" ती म्हणाली. "लय उपकार झाले, माय. माझ्या पोरीपायी तुमच्या सगळ्यांचा रविवार गेला. अभ्यासाचे दिवस."

"नाही मावशी, त्यात काय," नंदाताई म्हणाली.

"आता घेऊन जातो मी हिले. बाई म्हणतात ते बरोबर आहे. रक्तातच आहे तर कोणाले बोल लावायचा. शिकली तेवढी शिकली." तिनं कॅन खाली ठेवली आणि खांदा चोळला. "मागं डॉक्टरनं सांगितलं होतं, हिले काही नको, पाणी जास्त द्या. तवापासून मी घराबाहेर निघाली का पाणी सोबत घेतो. हॉस्टेलात टाकली तवा पहिलं तेच विचारलं, पाणी आहे ना व तिथं? म्हणे, आई, टाकीच आहे गच्चीवर."

कुणीतरी मागे नाक ओढलं.

"पीत तर होती ना माझी पोरगी पाणी?"

समोरच्या भिंतीवर लस टोचण्याचं पोस्टर होतं. आम्ही सगळ्या ते वाचत होतो.

"हो, मावशी," नंदाताई म्हणाली. "पीत होती."

"मंग रक्ताचंच आहे." तिनं मान हलवली. मग आमच्याकडे नीट बघितलं. "रात्रभर इथंच बसल्या का व तुमी? तोंडं पाहा कशी सुकली. थांबा, पाणी घ्या. आमच्या विहिरीचं आहे, गोड आहे. गिलास नाही माझ्याजवळ. ओंजळ करा."

तिनं कॅनचं झाकण उघडलं. ओंजळ करायची तर मूठ उघडावी लागते. पहिल्या मुलीनं उघडली. मलमाखालची लाल कातडी दिसली. यशोच्या आईचा हात जरा थांबला, पण पाणी तिनं ओतलं. दुसरीनं ओंजळ केली. तिचेही हात तसेच.

"हे काय व? पोरीहो, हात कायले फुटले तुमचे?"

माझ्यापुढे ती आली. मी ओंजळ केली. पाणी थंड होतं, फोडांना झोंबलं, आणि खरंच गोड होतं. दवाखान्याच्या नळाचं पाणी मी रात्रभर पीत होते, तहान तशी नव्हती. तरी मी प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, तिच्याकडे न बघता. आमच्यातल्या पाचही जणी प्यायल्या. नंदाताई प्यायली.

विशाखाताईनं ओंजळ पुढे केली. तिचे हात स्वच्छ होते, कुठे ओरखडा नव्हता. यशोच्या आईनं त्या हातांकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे, मग पाणी ओतलं. विशाखाताईची ओंजळ भरली. ती तोंडाकडे गेली नाही. तशीच हवेत राहिली, आणि बोटांच्या फटींतून पाणी तिच्या पायांवर गळायला लागलं.

"पी ना, माय," यशोची आई म्हणाली. "सांडून राहिलं."

"मावशी," विशाखाताई म्हणाली, आणि तिचा तो पुस्तकातला आवाज मला कुठेच सापडला नाही. "आमी तिले पाणी नाही देलं."